दहा लाखांतले आम्ही

प्रताप नगर, नागपूर
५ डिसेंबर २०२३

प्रिय कुसुमताई,

तुझ्या आणि भाऊजींच्या पाया पडतो. शोभाचाही नमस्कार.

फोनवर तू "सगळं बरं हाय" म्हणतेस, मीही तेच म्हणतो, आणि आपण ठेवून देतो. म्हणून म्हटलं या वेळी लिहावं. काटोलकडे थंडी चांगलीच असेल. बागेतला माल निघाला का? भाऊजींनी यंदा कळमन्याच्या बाजारात गाडी पाठवली, की व्यापाऱ्यालाच बाग देऊन टाकली? मागच्या आठवड्यात मी कळमन्याला गेलो होतो. काम काही नव्हतं. संत्र्यांच्या ढिगांपाशी उगाच उभा राहिलो. एका अडत्याने विचारलंही, "काका, माल पाहून राहिले की माणसं?"

हिंगण्याच्या कारखान्यात आता मला दिवसपाळीच देतात. निवृत्तीला थोडंच उरलंय, त्यामुळे मशीन उघडायचं काम पोरं करतात आणि मी शेजारी उभा राहून बोलतो. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागाही माझ्यासाठी सोडतात. म्हातारपण असं गुपचूप येऊन बसतं बघ. शोभाचा गुडघा दुखतो, पण सत्संगाला जाताना दुखत नाही.

माझ्या कमरेवर गजकर्ण होतं, तुला आठवत असेल. तेच जरा दाखवून राहिलो आहे. मोठ्या दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीण आली आहे, रितिका नावाची. वयाने आपल्या पोरांएवढी, पण फार खोलात जाते. बाकी विशेष काही नाही.

इकडे तुरीच्या शेंगा आल्या आहेत बाजारात. तू सोले भात करायचीस तसा शोभाला जमत नाही, हे तिला सांगू नकोस.

तुझा,
शालिक


नागपूर
३० डिसेंबर २०२३

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर दोनच ओळी: "शालिक, दोन पानं भरली अन् सांगाचं ते राहूनच गेलं. काय झालं गा?"

मी तो कागद शर्टाच्या खिशात घालून कामावर जातो. रोज वाटतं, आज लिहीन. आज लिहितो.

ते गजकर्ण नव्हतं.

अकरा वर्षांपासून कमरेवर आणि मांड्यांवर चट्टे होते. खाज यायची, मलम लावलं की महिनाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. किती डॉक्टर झाले, किती ट्यूब झाल्या. एकाने सोरायसिस म्हटलं, एकाने साबण बदलायला सांगितलं. दोनदा चामडीचा तुकडा काढून तपासला, दोन्ही वेळा काही निघालं नाही. रितिका डॉक्टरांनी मात्र पहिल्याच दिवशी मला खिडकीजवळ उभं केलं आणि बोटांनी तो चट्टा हलकेच चिमटून पाहिला. तिथली चामडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी दुमडली. त्या म्हणाल्या, "काका, तिसऱ्यांदा तुकडा घ्यावा लागेल. मला शंका आहे."

रिपोर्ट आला तेव्हा शोभा सोबत होती. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मायकोसिस फंगॉइडिस. मी म्हटलं, "फंगस म्हणजे बुरशीच ना मॅडम? मग गजकर्णच झालं की." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, नावात बुरशी आहे, रोगात नाही. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका डॉक्टरने असा एक रोगी पाहिला, त्याच्या अंगावर गाठी आल्या होत्या. त्याला त्या पावसाळ्यात जमिनीतून छत्री काढून निघणाऱ्या सात्यांसारख्या दिसल्या, म्हणून हे नाव पडलं. माझ्या अंगावर सात्या नाहीत, ताई. नुसते चट्टे आहेत.

आता तो शब्द लिहितो. तू उभी असशील तर बस.

लिम्फोमा. हा कातडीचा लिम्फोमा आहे.

तो शब्द तुझ्यासमोर पुन्हा कोणी उच्चारू नये असं मला सहा वर्षं वाटत आलं, आणि तो मीच लिहितो आहे. पहिल्या पत्रात कळमना, तूर, शोभाचा गुडघा सगळं लिहिलं ते याचसाठी. पण ताई, पुढचं वाच. कागद घडी करून ठेवू नकोस.

शोभा तिथेच रडायला लागली. तिला तुझा अश्विन दिसत होता, मलाही. अश्विनचं मी सांगितलं तेव्हा डॉक्टर उठून तिच्याजवळ येऊन बसल्या. "काकू, नाव एक असलं तरी हा दुसरा आहे. काकांचा पहिल्या पायरीवर आहे. या पायरीवरची बहुतेक माणसं आपलं पूर्ण आयुष्य जगतात. शेवटी म्हातारपणी दुसऱ्याच कशाने जातात. हा रोग बरेचदा नुसता सोबत राहतो. आपण त्याच्यावर लक्ष ठेवायचं, मलम लावायचं, उजेडाचे शेक द्यायचे."

मी विचारलं, "किती जणांना होतो हा?"

"दहा लाखांत वर्षाला पाच-सहा. तेही बाहेरच्या देशांतले आकडे. आपल्याकडे कोणी नीट मोजलेलंच नाही."

दहा लाख म्हणजे किती, हे मला कळेना. म्हणून त्या दिवशी शोभाला घरी सोडून मी कळमन्याला गेलो होतो. वाटलं, ढिगाऱ्याकडे पाहून काही अंदाज येईल. आला नाही. संत्री नुसती संत्री दिसत होती. मग मी माणसांकडे पाहत बसलो, हमाल, अडते, गाडीवाले. इतकी माणसं, आणि प्रत्येकाच्या शर्टाखाली काय आहे ते कोणालाच माहीत नाही. अंगावर काटा आला. भीतीने नव्हे, ताई. देवळात गर्दी नसताना गाभाऱ्यासमोर उभं राहिलं की येतो, तसा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी मला समजावलं. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. त्यांतल्या काही कातडीत पहाऱ्याला येतात, काम झालं की निघून जातात. माझ्या काही निघायचं विसरल्या, तिथेच वस्ती करून राहिल्या. आणि वस्तीही कुठे केली, तर जिथे ऊन पोचत नाही तिथे. कमरेवर, मांड्यांवर. हाताला नाही, मानेला नाही. म्हणजे नागपूरचं जे ऊन आपण जन्मभर शिव्या घालत सोसलं, त्यानेच माझी मान राखली. मी म्हटलं, "मग मे महिन्यात गच्चीवर झोपतो." त्या म्हणाल्या, "बिलकूल नाही. भाजून निघाल. मोजून उजेड देऊ."

मग त्या म्हणाल्या, "काका, शहरात पंचवीस-तीस लाख लोक आहेत. त्या हिशेबाने दरवर्षी दहा-पंधरा तरी नवे रोगी यायला हवेत. माझ्याकडे येतात दोन, तीन. एक तर आपल्याकडे हा कमी होतो, नाहीतर बाकीचे कुठेतरी गजकर्णाचं मलम लावत बसले आहेत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बसमध्ये मी लोकांच्या कोपरांकडे बघायला लागलो. आमच्या बसचा ड्रायव्हर भैय्याजी, त्याच्या पोटावर चट्टा आहे असं तो एकदा बोलला होता. त्याला धरून नेलं. गजकर्ण निघालं. दूधवाल्याला नेलं. गजकर्ण. कँटीनमधला एकजण स्वतःहून आला, त्याला खरूज होती, मग घरादाराला औषध घ्यावं लागलं. डॉक्टरांनी हात जोडले, "काका, आता कोणाला आणू नका." भैय्याजी मात्र खूश आहे. त्याची खाज गेली.

आता जे लिहायला सगळ्यात जड जातं ते.

अश्विन उपचाराला आमच्याकडे होता तेव्हाही माझ्या अंगात हे होतंच. आम्ही एका ताटात जेवत होतो. तो उलट्यांनी थकून पडायचा आणि मी शेजारी बसून कंबर खाजवायचो. तो हसायचा, "मामा, माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त बेजार दिसता." दोघांच्याही अंगात एकाच आडनावाचा रोग. तो चोवीस वर्षांचा, त्याला वर्षही पुरं मिळालं नाही. मला अकरा मिळाली आणि मला पत्तासुद्धा नव्हता. या अकरा वर्षांत मी किती लग्नं जेवलो, ताई.

मी डॉक्टरांना विचारलं, असं का. त्यांनी आधी दोन्हींतला फरक सांगितला, कोणता किती वेगाने वाढतो वगैरे. मी म्हटलं, "ते समजलं. पण त्याला तो आणि मला हा, असं का?"

त्या म्हणाल्या, "माहीत नाही काका. कोणालाच नाही."

एवढंच. मला वाटलं होतं राग येईल. उलट मान खाली गेली. एवढं शिकलेलं माणूसही एका जागी येऊन थांबतं, आणि त्यापुढे जे आहे ते फार मोठं आहे.

अश्विन गेल्यापासून तू या घरी आली नाहीस, त्याला सहा वर्षं झाली. ये, असं मी म्हणत नाही. फक्त हे दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जाऊ नये, एवढंच वाटलं.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
शालिक


नागपूर
१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

प्रिय ताई,

तू येऊन गेलीस त्याला महिना झाला. तरी शोभा अजून दोन माणसांच्या चहात तिसरा कप ओतते.

मला वाटलं होतं तू पत्र पाठवशील. तू एसटीने निघून, ऑटो करून, फाटकाशी येऊन उभी राहिलीस. मी दार उघडलं तर तू म्हणालीस, "शर्ट काढ." ना पाणी, ना बसणं. साठीला आलेला मी तिथे अंगणात उभा, आणि तू चष्मा पुसून माझी कंबर पाहतेस. बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालीस, "हे एवढंसं?"

"एवढंसंच."

"मंग नीट जग ना गा. भेऊन काहून राहिला?"

ताई, त्या वाक्यानंतर मला जेवण गोड लागायला लागलं. हे तुला तोंडावर सांगता आलं नाही.

तू हॉलमध्येच झोपलीस. मागच्या खोलीकडे एकदाही वळली नाहीस. आम्हीही म्हटलं नाही. त्या खोलीत आम्ही अश्विननंतर कोणाला ठेवलेलं नाही. शोभा आठवड्याला झाडते, पलंगावरची चादर बदलते आणि दार लावून घेते. तिथे अश्विनची पुस्तकं आहेत, त्याचा फोटो आहे. हे मी आज का लिहितो आहे ते पुढे कळेल.

आज सकाळी दवाखान्यात आमची सभा झाली. "आमची" म्हणजे या रोगाच्या माणसांची. रितिका डॉक्टरांनी जुन्या-नव्या सगळ्या रोग्यांना फोन केले. नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, वर पार छिंदवाड्यापर्यंत. त्यांना ठाऊक असलेले हयात असे चौदा जण निघाले. आलो अकरा.

रविवार असूनही दवाखान्याच्या आवारात जत्रेसारखी माणसं होती. आम्ही त्या गर्दीतून वाट काढत एका खोलीत गेलो, आणि दार लागल्यावर आत अकरा. सगळे एकमेकांचे हात, गळे चोरून पाहत होते. जिथे तिथे पूर्ण बाह्या.

तुमसरजवळच्या एक रुखमाबाई होत्या, सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि डॉक्टरांना विचारलं, "एवढेच काय आपण? साऱ्या मुलखात?"

त्याच वेळी छिंदवाड्याचे ओमप्रकाशजी, त्यांचं तिकडे कपड्यांचं दुकान आहे, डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, "अरे, इतने सारे हैं! मैं तो समझा था मैं अकेला हूँ."

दोघांची वाक्यं एकावर एक आली. आणि सगळे हसले. मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या, युनियनच्या, गावच्या, सत्संगाच्या. असं हसणं ऐकलं नाही. अकरा माणसं, जात वेगळी, बोली वेगळी, कोणी कोणाचं नात्याचं नाही. आणि तरी माझ्या कातडीचं दुखणं मी न सांगता त्यांना माहीत होतं. उन्हाळ्यात घाम आला की कशी आग होते, हे ओमप्रकाशजींनी सुरू केलं आणि रुखमाबाईंनी पूर्ण केलं.

त्यांत एक मुलगी होती. हर्षा. आरमोरीकडच्या एका खेड्यातली, बावीस वर्षांची. तिला आमच्यासारखे तांबूस चट्टे नाहीत, पांढुरके आहेत. सातवीत असताना आले. गावाने कोड म्हटलं. मग कोणी कुष्ठ म्हटलं, वर्षभर त्याची औषधं खाल्ली. दोनदा लग्नाची बोलणी मोडली. शेवटी तिथल्या एका डॉक्टरला शंका आली म्हणून त्याने इकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाल्या, लहान वयात आणि सावळ्या कातडीवर हा असाही येतो, म्हणून तर ओळखू येत नाही. आणि असा आला तर उजेडाच्या शेकाने फार चांगला आटोक्यात येतो.

ती कोपऱ्यात ओढणी गुंडाळून बसली होती. रुखमाबाई उठल्या, आपलं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन पायावरचा चट्टा दाखवला आणि म्हणाल्या, "हे पाह्य माहं. आता तू दाखव वं माय. इथं कोण परकं हाय?"

हर्षाने बाही वर केली. मग ओमप्रकाशजींनी केली. मग मी शर्टाची खालची बटणं सोडली. ताई, आम्ही सगळे वेड्यासारखे एकमेकांना आपले चट्टे दाखवत होतो, आणि रितिका डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. रडत होत्या का, ते मी पाहिलं नाही.

निघताना हर्षा माझ्याजवळ आली. "काका, तुमाले किती वर्षं झाले?"

"अकरा. बारावं लागलं."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी तिला बक्षीस दाखवत होतो.

आता ऐक. तिला आठवड्यातून तीनदा शेक घ्यावे लागतील, चार-पाच महिने. आरमोरीहून येणं-जाणं शक्य नाही. नागपुरात तिचं कोणी नाही. वडील म्हणाले, शेक राहू देतो, मलमावरच पाहू. तिचं तोंड उतरलेलं मला दिसलं.

मी तिथे शब्द दिलेला नाही. तिला मागच्या खोलीत ठेवून घ्यायला शोभा तयार आहे. पण ती खोली आमच्या घरात असली तरी आमची नाही. तू "नाही" म्हणालीस तर मी तिच्यासाठी दुसरीकडे शोधीन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. तुझ्या मनाला सोसेल तेच सांग.

तुझा भाऊ,
शालिक


नागपूर
२ मे २०२४

प्रिय ताई,

माझ्या त्या पत्रावर तू लिहिलं नाहीस, फोन केलास. "हॅलो" न म्हणता एवढंच बोललीस, "त्या पोरीले सांग, पंखा तीनच्या वर नको करू. चारवर आवाज करते, झोप नाही येत." आणि ठेवून दिलास. शोभाने विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "पंख्याचं सांगितलं." तिला कळलं.

हर्षाला येऊन आता दोन महिने झाले. पंखा तीनवरच असतो. पारा पंचेचाळीसकडे निघाला तरी.

आम्ही सोबतच शेकाला जातो. मी कंपनीतून रजा टाकून, ती घरून डबा घेऊन. कपाटाएवढी खोली असते, चारही बाजूंनी नळ्या, काळा चष्मा लावून उभं राहायचं. दार लागतं, निळसर उजेड सुरू होतो. आवाज नाही, चटका नाही. काही मिनिटं आणि बाहेर. पहिल्या वेळी ती भ्याली होती. मी बाहेरून ओरडून बोलत राहिलो, आमच्या बसच्या भैय्याजीची गोष्ट सांगितली. आतून हसू ऐकू आलं तेव्हा नर्सही हसली.

ताई, तिच्या पांढुरक्या चट्ट्यांत बारीक सावळे ठिपके उगवले आहेत. आधी केसांच्या मुळांशी, मग आजूबाजूला. शोभा रोज तिचा हात उजेडात धरून पाहते. स्वतःचाच रंग असा परत येताना मी कधी पाहिला नव्हता. नुसतं पाहत बसावंसं वाटतं. परवा ती अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली. सातवीनंतर पहिल्यांदा. माझेही चट्टे फिके झाले आहेत. डॉक्टर म्हणतात, पुन्हा येतील, पुन्हा घालवू. आणि त्यांच्याकडे नवे दोन आले, एक यवतमाळचा आणि एक इथलीच, मेडिकलवाल्याची बायको. त्या सभेचं ऐकून स्वतः आली. आता आम्ही सोळा.

काल हर्षाने भिंतीवरच्या फोटोबद्दल विचारलं. आतापर्यंत तिने विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. वाटलं, ऐकून पोरगी घाबरेल, उद्याच बॅग भरेल. पण खोटं बोलवलं नाही. म्हटलं, "माझा भाचा. त्यालाही लिम्फोमा होता. पण तुझ्या-माझ्यासारखा नाही, वेगळा. तो राहिला नाही."

ती पलंगाच्या काठावर बसली. चादरीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्याची आई कुठं राहते?"

"काटोलकडे."

"त्यायनंच मले इथं राहू देलं काय?"

"हो."

"मंग मले भेटाचं हाय त्यायले."

मी म्हटलं, "ती फार बोलत नाही." ती म्हणाली, "मी बी नाही बोलत."

येत्या शनिवारी शेक नाही. सकाळच्या एसटीने तिला घेऊन येतो. काही विशेष करू नकोस. ती लाजाळू आहे, पण जेवते चांगली. तुला काय म्हणून हाक मारायची, ते मी तिला सांगितलेलं नाही. तुम्ही दोघी ठरवा.

मी त्या वेळी बागेत भाऊजींसोबत बसेन.

तुझा म्हातारा व्हायला निघालेला भाऊ,
शालिक